कडक पाळलेलं गिऱ्हाण

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लेण्याद्रीच्या पायथ्याला, गाड्या लावतात त्याच्या पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पंधरा-सोळा घरं जमायची. गणपतीचं दर्शन घेऊन उतरणाऱ्या लोकांना वाटायचं, कुणाचा तरी साखरपुडा आहे. सतरंज्या, डबे, पाण्याचा जार, मधूनच पळणारी पोरं. जरा निरखून पाहिलं की माणसं नजर चुकवून आपल्या चपला शोधायला लागायची. कारण त्या पोरांत कुणाला पंजा नव्हता, कुणाचा पाय गुडघ्यापाशीच संपला होता, आणि एकीला दोन्ही हातांना मिळून तीन बोटं होती. त्या तीन बोटांवर ती सागरगोटे असे झेलायची की पाच-पाच बोटांच्या पोरींनी तोंडात बोटं घालावीत.

ती तीन बोटांची कुंडलिक मास्तरांची नात. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि जुन्नर-आंबेगावातली अशी घरं शोधत मोटारसायकलवर हिंडले. कुणी दारातूनच परत पाठवलं. कुणी पोराला आतल्या खोलीत कोंडून ‘आमच्यात तसलं कुणी न्हाई’ म्हणून चहा पाजला. तरी मास्तर चिवट. सहा वर्षांत त्यांनी येडगावपासून डिंभ्याच्या वरच्या वाड्यांपर्यंतची माणसं एका सतरंजीवर आणून बसवली. तिथं एका हातानं वेणी कशी घालायची ते कळायचं, दाखल्यासाठी कोणत्या वारी गेलं तर डॉक्टर जागेवर सापडतात ते कळायचं, गॅदरिंगला पोरीला मागच्या रांगेत ढकलणाऱ्या बाईंना काय सुनवायचं तेही कळायचं. नियम एकच होता. ‘बिचारं’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांचे डबे घासायचे.

पण नवी आई आली की ती यातलं काहीच विचारायची नाही. ती पोराला पदराखाली झाकून कडेला बसायची, तासभर गप्प राहायची आणि मग शेजारणीच्या कानाशी लागून विचारायची, “तुमी गिऱ्हाण पाळलं व्हतं का?”

पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, सुईत दोरा ओवू नये. कापलं की पोटातल्या पोराचं काहीतरी कापलं जातं, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं पोर असं जन्मलं की पंचांग उघडायचं. नऊ महिन्यांत कुठलं तरी ग्रहण सापडतंच, आणि त्या दिवशी बाईनं काहीतरी कापलेलंही सापडतंच. बाई कोर्टात उभी राहायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

तर हा प्रश्न आला की शेडमधल्या सगळ्या बाया वळून प्रतिभाकडे बघायच्या. प्रतिभा येडगावची. तिशीची, बोलायला मोकळी, आणि कुठल्याही सुनेला हेवा वाटावा अशी तिची सासू, जिला ती आत्या म्हणायची. तिच्या संस्कृतीचा डावा हात कोपराच्या जरा खाली गोल होऊन थांबलेला. साडेसात वर्षांची पोरगी त्या हातानं वही दाबून धरायची आणि उजव्यानं मोत्यासारखं अक्षर काढायची. प्रतिभा नव्या आईजवळ सरकून बसायची आणि म्हणायची, “मी कडक पाळलं होतं. वेध लागल्यापासून सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही, की अंथरुणावरून पाय खाली टाकला नाही. विचारा आमच्या आत्याला. तरी माझी संस्कृती अशी झाली. मग सांगा, गिऱ्हाणाचा काय संबंध?”

एवढं ऐकलं की त्या बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसायचं. ती पदर बाजूला करून पोर दाखवायची. कुणीतरी ते पोर मांडीवर घ्यायचं, आणि ती बाई त्यानंतर दर महिन्याला यायची. मास्तर म्हणायचे, “प्रतिभाचं एक वाक्य आणि माझी शंभर भाषणं.” प्रतिभा हसायची. आणि लगेच दुसरा विषय काढायची.

कारण ते वाक्य खोटं होतं.

त्या साली जानेवारीत चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. प्रतिभाला तिसरा महिना. आत्यानं माजघराच्या खिडक्यांना चादरी लावल्या, सुनेला अंथरुणावर सरळ झोपवलं आणि स्वतः बाहेर जप करत बसली. दिवसभर प्रतिभाच्या पोटात काही ठरत नव्हतं. आणि नेमकी त्या वेळेला तिला अशी भूक लागली, की डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. फडताळात परसातला एक पेरू होता. हिरड्या सुजलेल्या, दातानं तोडवेना. शेजारीच सुरी होती. तिनं पेरूच्या चार फोडी केल्या आणि बियांसकट, देठासकट खाल्ल्या. सुरी पदराला पुसून जागेवर ठेवली आणि पुन्हा सरळ झोपली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

पोरगी झाली, तेव्हा गल्लीतल्या बाया कुजबुजायला लागल्या. आत्या ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, “माझ्या सुनंनं पान्याचा घोट घेतला न्हाई. मी सोता राखण बसले व्हते. कुनाला काय बोलायचंय ते माज्या तोंडावर बोला.” कुणी बोललं नाही. प्रतिभा आत बाळंतिणीच्या खाटेवर पडून ऐकत होती. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? पण अशी सासू समोर ढाल होऊन उभी असताना कोण सांगेल?

मंचरला डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. गर्भाच्या पिशवीतला एखादा पातळ धागा सुटतो, वाढत्या हाताला त्याचा वेढा बसतो, पुढं हात वाढत नाही. कुणी काही केल्यानं होत नाही, कुणी काही न केल्यानं टळत नाही. प्रतिभानं मान डोलावली होती. दुसऱ्या बायांना ती हेच चित्र मातीत काढून दाखवायची आणि त्यांना पटायचंही. तिला एकटीला पटायचं नाही. संस्कृतीला न्हाऊ घालताना तिचा हात त्या गोल टोकावरून फिरायचा आणि दर वेळी मनात तेच यायचं, की हे मी केलं.

एप्रिलच्या रविवारी निरगुडसरची इंद्रायणी आली. बावीस वर्षांची, तीन महिन्यांची आरोही मांडीवर. आरोहीचा उजवा पाय घोट्याच्या वरच संपलेला. पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष इंद्रायणीकडे नव्हतं, तिच्या सासूकडे होतं. शेडमध्ये कुणाची सासू येण्याची ही पहिलीच वेळ. ठकूबाई नऊवारीचा काष्टा आवरत मधोमध येऊन बसली आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागली.

“वेध लागल्याले. म्या सतरा डाव सांगितलं व्हतं, कशाला हात लावू नको. तर हिनं कातर घेतली आन् त्या आशाबाईनं दिलेली लाल गोळ्यांची पट्टी कापली. चार गोळ्या पर्समदी ठेवायच्या व्हत्या म्हनं. आता बगा पोरीचा पाय.” मग तिनं सुनेकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. “लेकरूच हाय. चुकली.”

इंद्रायणीची मान खाली. डोळ्यांतलं पाणी आरोहीच्या टोपड्यावर पडत होतं. प्रतिभाला राहवेना. आठ वर्षांपूर्वी आपण सापडलो असतो तर अशाच बसलो असतो, असं तिला वाटलं. ती पुढं सरकली आणि तिनं आपलं वाक्य सांगितलं.

ठकूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “कडक पाळलं व्हतं?”

“कडक, मावशी.”

“पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांग.”

संस्कृती आईला खेटूनच उभी होती. असली सगळी बोलणी तिला पाठच असायची, तिनं हसून डोकं पुढं केलं. प्रतिभानं एकदा इंद्रायणीकडे पाहिलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. “हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. मी काही कापलं नाही.”

“मंग कशानं झालं?”

“कशानंच नाही,” कुंडलिक मास्तर म्हणाले. “डॉक्टर सांगतात, असं होतं कधी कधी. कुणाची चूक नसते.”

“म्हंजी गिऱ्हाण न्हवं,” ठकूबाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा स्वतःशीच म्हणाली, “गिऱ्हाण न्हवं.” प्रतिभाला वाटलं, जिंकलो. जाताना इंद्रायणीनं तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि त्या संध्याकाळी स्कूटीवरून येडगावला येताना प्रतिभा किती तरी दिवसांनी गाणं गुणगुणत होती.

मे महिन्यात इंद्रायणीचा फोन आला. ती अवसरीला, माहेरी होती.

“सुट्टीला आलीस का?” प्रतिभानं विचारलं.

“न्हाई ताई. घालवून दिलीया.” इंद्रायणी रडत नव्हती, हेच जास्त वाईट होतं. “सासूबाई म्हणत्यात, गिऱ्हाणाची चूक आसती तर एक डाव झाली, पुढच्या टायमाला संभाळलं आसतं. आता गिऱ्हाण न्हवं म्हंजी पोरीच्या रगतातच हाय. माझा मामा लंगडतो ना, त्याचं काढलंय. त्याला पोलिओ झालता ताई, लहानपनी. पर ऐकतंय कोण? रविवारी भावकी बसणार हाय. सोडचिठ्ठी करून ऋतिकचं दुसरं करायचं म्हणत्यात.”

प्रतिभा ओट्याला टेकली. “ऋतिक काय म्हणतो? नवरा आहे ना तो तुझा?”

“आई म्हणंल ते.” पलीकडं आरोही किरकिरली, तिला थोपटत इंद्रायणी म्हणाली, “ताई, तुमी खरं तेच बोलल्या, मला कळतंय. तुमच्यावर माझा राग न्हाई. पर तवा मी चुकल्याली व्हते तरी घरात व्हते.”

हे वाक्य प्रतिभाच्या छातीत जाऊन बसलं. आपण ठकूबाईचा आरडाओरडा ऐकला आणि शेवटचा तो एक शब्द ऐकलाच नाही, हे तिला आता कळलं. ‘चुकली’ म्हणताना ती बाई सुनेला शिव्या देत नव्हती, सुनेला पदरात घेत होती. चुकलेल्या माणसाला माफी असते. चुकलंच नाही म्हटल्यावर माफ करायचं कुणाला? त्या एका शब्दाच्या आधारानं इंद्रायणीचा संसार उभा होता, आणि तोच आपण मोठ्या मायेनं काढून घेतला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून.

तिनं रत्नाला फोन लावला. रत्ना डिंभ्याच्या वरच्या वाडीतली. तिथं रेंज एका उंबराखालीच मिळते, त्यामुळं पहिल्यांदा फोन लागत नाही आणि तासाभरानं तिचाच उलटा येतो. तसा तो आला. रत्नाच्या लेकीला डाव्या हाताचा पंजा नाही. शेडमधली प्रतिभाची सगळ्यात जवळची मैत्रीण तीच. प्रतिभानं तिला इंद्रायणीचं सांगितलं आणि मग न थांबता पेरूचंही सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले.

रत्ना आधी हसली. “पेरू कापल्यानं हात जात आसता तर आख्खं जुन्नर थोटं फिरलं आसतं.” प्रतिभा हसली नाही. रत्नाचं हसणं थांबलं. “आगं बये. तुला खरंच तसं वाटतं व्हय?”

प्रतिभा नखानं ओट्याची कड खरवडत राहिली.

“आट वर्सं?”

“हो.”

उंबराखाली वारं असावं, फोनमध्ये नुसतं घोंगावत होतं. मग रत्ना हळू आवाजात म्हणाली, “मी तर माझ्या येळच्या गिऱ्हाणाच्या सकाळी आख्खी मोळी तोडली व्हती, प्रतिभा. चूल पेटवायला काय नव्हतं घरात. तू शेडात म्हणालीस, मी कडक पाळलं व्हतं, तवापासनं मला झोप लागाय लागली.” ती थांबली. “मंग आता माझी मोळी?”

“डॉक्टर म्हणतात ते खरंय रत्ना. तसं काही नसतं.”

“तुला पटतंय का ते?”

एका पेरूचं गाठोडं सोडलं तर त्यातून दुसऱ्या बाईच्या घरात एवढं काही सांडेल, असं तिला वाटलं नव्हतं. अजून शेडमध्ये अशा किती मोळ्या, किती सुया, किती भाज्या तिच्या वाक्याखाली दाबून ठेवल्या असतील, याचा विचार आला आणि तिनं डोळे मिटले.

“जा,” रत्ना शेवटी म्हणाली. “सांग त्या म्हातारीला. म्हणावं, मी बी कापलं व्हतं, तुझ्या सुनंनं बी कापलं, ते गिऱ्हाणाचंच हाय. येडी हाय तर हाय, तिच्या येडात सूनबाई नांदू दे. माझं मी बघीन.” आणि तिनं फोन ठेवला. एरवी रत्ना ‘ये गं वर एकदा’ म्हटल्याशिवाय कधी फोन ठेवायची नाही.

शनिवारी प्रतिभाचा नवरा भरत टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलेला, आत्या लग्नाला ओतूरला. संस्कृतीला कुणाकडे ठेवायची? शाळेला सुट्टी. आणि आरोहीच्या घरी जायचंय म्हटल्यावर तीच आधी स्कूटीवर जाऊन बसली. बाळ तिथं नाहीये, हे प्रतिभानं तिला सांगितलं नाही. मागं बसून संस्कृती सगळ्या वाटेनं बडबडत होती. आरोहीला मोठी झाल्यावर लंगडी खेळता येईल का, आली तर ती कायम जिंकेल का, असले तिचे प्रश्न. प्रतिभा हूं-हूं करत होती. काय बोलायचं ते ती मनात घोळवत होती.

निरगुडसरचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढं पडवी, पडवीला लागून बसायची खोली, खोलीच्या दाराला पडदा. ठकूबाईनं स्वागत चांगलं केलं. कोकम सरबत दिलं, संस्कृतीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. प्रतिभानं लेकीला ग्लास देऊन पडवीतल्या झोपाळ्यावर बसवलं आणि म्हणाली, “इथंच बस. आत मोठ्या माणसांचं बोलणं आहे.” मग ती आत जाऊन पडद्याआड बसली. ऋतिक कोपऱ्यात खुर्चीवर होता. तोंडाला अजून धड मिशी न आलेला, हातात फोन, नजर फोनात.

प्रतिभा सरळ म्हणाली, “मावशी, मी त्या दिवशी खोटं बोलले.”

ठकूबाईनं भुवया वर केल्या.

“मी गिऱ्हाण पाळलं नव्हतं. तिसरा महिना होता. मला भूक लागली होती. फडताळात पेरू होता, तो सुरीनं चिरला आणि खाल्ला. चार फोडी केल्या. कुणाला सांगितलं नाही, आमच्या आत्याला पण नाही.” बोलता बोलता तिचा आवाज चिरकायला लागला. जे नाटक म्हणून करायचं ठरवून आली होती, ते नाटक राहिलं नव्हतं. “म्हणून माझ्या पोरीचा हात गेला. मी घालवला. इंद्रायणीचं पण तेच झालंय. रक्तात काही नाही तिच्या. चुकली ती, जशी मी चुकले. पुढचं बाळ चांगलं होईल. तिला परत आणा.”

ती रडत होती. आठ वर्षांचं रडणं होतं ते, थांबवून थांबत नव्हतं. ठकूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

“पी. पानी पी आधी.” ठकूबाईचा आवाज मऊ झाला होता. “लई मोठ्या काळजाची बाई हाइस तू. दुसरीचं घर वाचवाय सोताच्या डोक्यावर पाप घ्याया आलीस. माझी पोटची लेक आशी निघाली न्हाई.”

“मावशी, मी खरं सांगतेय.”

“त्या दिशी पोरीच्या डोक्यावर हात ठिवला व्हतास. समद्यांच्या म्होरं.” ठकूबाईनं मान हलवली. “कंची आई लेकराच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलंल? त्येबी आसल्या लेकराच्या? न्हाई बाई. तू त्या दिशी बोललीस त्येच खरं. आज तू मायेपोटी बोलतीस.”

“तेव्हा मायेपोटी बोलले होते, मावशी. आज खरं बोलतेय. आमच्या देवाची शपथ.”

“आता किती शपथा घेशील?” ठकूबाई हे रागानं म्हणाली नाही. खरं तर त्यात थोडी कीवच होती. “ऋतिकला पोरगी बघितल्याली हाय. उद्या भावकी नुसती बसायची म्हणून बसनार.”

प्रतिभानं ऋतिककडे पाहिलं. “दादा, तू तरी. आरोही तुझी आहे ना?”

ऋतिकनं फोन खाली ठेवला. त्याचे डोळे लाल होते. एक क्षण वाटलं, हा काहीतरी बोलेल. “पाय आसता तर आलं आसतं बघा समदं जुळवून,” तो म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला.

ठकूबाईनं ओटी भरायला तांदूळ आणले, ब्लाऊजपीस आणला. प्रतिभानं पदर पुढं केला. नाही म्हणण्याचंही बळ तिच्यात नव्हतं. पडदा सारून बाहेर आली तर झोपाळा रिकामा होता. संस्कृती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, अगदी पडद्याला लागून. सरबताचा ग्लास तसाच भरलेला, उजव्या हातात.

“चल बाळा,” प्रतिभा म्हणाली.

संस्कृतीनं ग्लास खाली ठेवला आणि मुकाट्यानं स्कूटीवर बसली. मंचरपर्यंत ती बोलली नाही. हायवेला लागल्यावरही नाही. ऊन तापलेलं होतं. कळंबच्या पुढं प्रतिभानं एका चिंचेखाली गाडी थांबवली, बाटली काढून लेकीला दिली आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली. काहीतरी सांगायला हवं होतं.

संस्कृतीनंच विचारलं. “आई, म्हणजे आधी मला हात होता?”

“नाही गं. तसं नसतं. डॉक्टर काकूंनी चित्र काढलं होतं ना, धागा असतो एक...”

“पण तू त्या आजींना सांगितलंस. रडत सांगितलंस.”

“ते मी इंद्रायणी मावशीसाठी सांगत होते.”

“म्हणजे खोटं?”

ट्रकमागून ट्रक जात होते. ‘हो, खोटं’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ज्या बाईनं शेडभर बायांना आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एका म्हातारीला खोटं सांगितलं, तिला ते दोन शब्द जड व्हायचं कारण नव्हतं. आणि डॉक्टरीणबाईंच्या चित्राप्रमाणे तर ते दोन शब्द खरेच होते. प्रतिभानं तोंड उघडलं. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती, आपल्या आईचं तोंड वाचायची तिला जन्मापासून सवय. प्रतिभानं तोंड मिटलं आणि नजर रस्त्यावरच्या ट्रककडे वळवली.

संस्कृतीनं तिला जितका वेळ द्यायचा तितका दिला. मग तिनं बाटलीचं झाकण दातात धरून लावलं, बाटली आईच्या पर्समध्ये ठेवली आणि आपला अर्धा हात आईच्या खांद्यावर ठेवला. घरी तिची आजी असाच ठेवते, कुणाला समजावताना.

“जाऊ दे आई,” ती म्हणाली. “मी आजीला नाही सांगणार. मी कुणालाच नाही सांगणार.”